बुटाची संध्याकाळची फेरी

मी एक जुना बूट आहे, डाव्या पायाचा. उजवा माझा जुळा भाऊ. तो शांत, मी चुळबुळ्या. मित्रांनो, मला एका जागी ठेवलं की माझ्या नाड्यांना मुंग्या येतात!

कारखान्यात शिलाई झाली तेव्हा वाटलं, आपण मैदानावर पळणार. पण मला नेलं एका ताईने. ती सार्वजनिक आरोग्य आणि धोरण या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. तिची आई म्हणायची, "डॉक्टर नाही, पुढारी नाही, मग तू होणार तरी कोण?"

"दोघांच्या मागे लागणारी!" ताई म्हणायची.

तिच्या प्रबंधाचा प्रश्न होता, वस्तीतला दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवावा की नाही? नगरपालिका तिच्या अहवालावर ठरवणार होती. रोज भर दुपारी आम्ही दारोदार. कुलूप दिसलं की पुढचं दार! उघड्या दारांतले आजी-आजोबा सांगायचे, "सकाळीच बरं गं, संध्याकाळी कोण जातंय!" मार्गदर्शक बाईंनी ताईची पाठ थोपटली. माझं मात्र आतलं अस्तर फाटलं, तरी मला शिवून आणायला तिला सवड नव्हती.

शेवटी तिची टाच सोलली, जखम चिघळली. अहवाल द्यायच्या आदल्या संध्याकाळी ती लंगडत त्याच दवाखान्यात गेली. बघतो तर काय, रांग पार रस्त्यापर्यंत! सिमेंटने माखलेले बूट, रंगाचे थेंब उडालेल्या चपला. यातला एकही जोड मला कुठल्या दारात भेटला नव्हता.

"तुम्ही कुठे राहता?" ताईने पुढच्या बाईंना विचारलं.

"टाकीमागच्या गल्लीत."

"अहो, मी आले होते की! कुलूप होतं."

"असणारच! दुपारी घरी बसून भागतं होय आमचं? आणि हा दवाखाना संध्याकाळचा बंद करणार म्हणे. कोण शहाणा निघालाय कुणास ठाऊक!"

"शहाणा नाही, शहाणी," ताई पुटपुटली. "मीच ती."

बाईंनी तिच्या टाचेकडे पाहिलं. "मग? करतेस बंद?"

दुसऱ्या दिवशी ताई मार्गदर्शक बाईंना म्हणाली, "कामावर जाणाऱ्यांना मी विचारलंच नाही. मुदत हवी."

"पदवी लांबेल."

"लांबू दे."

त्याच दिवशी मला नवं अस्तर लागलं. मित्रांनो, आम्हाला वेळेवर शिवून घ्या, ओले असलो तर वाळवा. पण जपायचं म्हणून कपाटात कोंडू नका हं! आत्ताच बघा, मी केव्हाचा दारात उभा आणि ताई अजून चहाच पितेय. अगं, आटप की! लोक कामावरून घरी पोचायला लागलेत.