प्रोग्रेसिव्ह म्हणे!

दादाच्या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडमध्ये त्याची धाकटी बहीण ड्रम वाजवायची. त्या संध्याकाळी तालमीच्या तळघरात तिने स्वतः रचलेलं पहिलं गाणं ऐकवलं. जेमतेम चार मिनिटांचं, सात मात्रांत चालता चालता मध्येच पाचांत उडी घेणारं.

"छान आहे गं," दादा म्हणाला, "पण हे प्रोग्रेसिव्ह रॉक नाही. ऑर्गन कुठंय? गिटारचा लांबलचक सोलो कुठंय?"

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कॉलेजात बसवलेलं तेच गाणं तू केस पिकेपर्यंत वाजवतोयस, एक सूर इकडचा तिकडे नाही! आणि ते प्रोग्रेसिव्ह? लांबी वाढवली की संगीत पुढे जातं होय रे?"

"लोकांना तेच आवडतं."

"लोकांच्या नावावर बिल फाडू नकोस. तुला सात मात्रा झेपत नाहीत, हे सांग की!"

बँडमध्ये बास गिटार वाजवणाऱ्या दादाच्या मित्राने गुपचूप तिच्या गाण्याचा ताल धरला, तसा दादाही वाजवायला लागला. दोनदा चुकला आणि चिडून गिटार काढून ठेवत दाराकडे निघाला.

"चुकलास तर परत धर ना! पळतोस काय?" ती ओरडली.

दादा लालबुंद होऊन मागे फिरला आणि त्याने पुन्हा गिटार गळ्यात अडकवली.