समुद्रातून उगवलेला साहेबाचा सूर्य

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. अंग पितळेचं, त्यावर काळं कातडं, आणि ते कातडं आता कोपऱ्याकोपऱ्यांत सोललं आहे. डाव्या काचेवर बुरशीचा एक ठिपका आहे. माझा मुक्काम तांबड्या समुद्राकाठच्या जेद्द्याच्या जुन्या शहरात, दुरुस्त केलेल्या एका उंच घराच्या वरच्या मजल्यावर, काचेच्या पेटीत असतो. वरून दिवा सोडला आहे. माणसं येतात, फोटो काढतात, पुढं जातात. माझ्याकडं सगळे बघतात, माझ्यातून कुणीच बघत नाही. पण हे काही नवीन नाही. ज्यानं मला विकत घेतलं, त्यानं तरी कुठं पाहिलं होतं?

माझा जन्म लंडनचा. दोन महायुद्धांच्या मधली ती वर्षं. माझ्या काचा घासणारा कारागीर म्हातारा होता, देवभोळा होता. काच घासताना तो चर्चमधली गाणी गुणगुणायचा, आणि त्या गुणगुणण्याला हाताची लय आपोआप जुळायची. काच तयार झाली की तो समोरच्या चर्चच्या कळसावर बसलेली चिमणी माझ्यातून बघायचा आणि म्हणायचा, "पोरी, जेवढं दिसेल तेवढंच दाखव. देवानं केलेल्यात भर घालू नको." एवढं एकच वाक्य मी जन्मभर जपलं. माझ्या मालकाला ते कुणी सांगितलं नसावं.

मालकाचं नाव पेलिंग. लंडनच्या एका मोठ्या वर्तमानपत्राचा तो परदेशी बातमीदार. त्याच्या लेखांवर त्याचं नाव नसे, 'आमच्या विशेष प्रतिनिधीकडून' एवढंच असे. विशेष! यांचं विशेष काय ते मी सांगते. परदेशी बातमीदाराच्या गळ्यात दुर्बीण हवी म्हणून त्यानं मला घेतलं. जहाजावर चढताना मला गळ्यात अडकवून फोटो काढला, दूरवर बघितल्यासारखा चेहरा केला. तेव्हा माझ्या काचांवर झाकणं तशीच होती. त्याच्या लक्षातही आलं नाही.

सगळेच बातमीदार असे होते असं मी म्हणणार नाही. उन्हातान्हात उंटाच्या पाठीवर हाडं खिळखिळी करून घेणारे, खरं लिहून वरिष्ठांचा राग ओढवून घेणारेही त्या काळात होते. माझ्या नशिबी मात्र पेलिंग आला.

जेद्द्यात त्यानं याच घरात, याच खोलीत बिऱ्हाड केलं. समुद्राकडं तोंड केलेली ही लाकडी जाळीची खिडकी तेव्हाही होती. समुद्र तेव्हा जवळ होता. आता भराव टाकून तो लांब ढकलला आहे, मध्ये इमारती उठल्या आहेत. साहेबानं मला खिडकीशेजारच्या खुंटीवर टांगलं आणि स्वतः मच्छरदाणीत शिरला. त्याची कामाची रीत अशी. सकाळी उशिरा उठायचं, अंडी खायची, तेवढ्यात आणखी एकदोन साहेब गप्पा मारायला यायचे. एकानं बाजारात ऐकलेलं सांगायचं, दुसऱ्यानं त्याला तिखटमीठ लावायचं, आणि पेलिंगनं लिहायचं, 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.' पलंग आणि खिडकी यांच्यात चार पावलांचं अंतर. तेवढं चालून आला असता तर खरंच पाहिलं असतं. पण साहेबाचे पाय भारी नाजूक!

आणि पाहण्यासारखं किती होतं, मित्रांनो! मक्केला निघालेले हाजी यायचे. खडकांमुळं मोठी जहाजं लांब उभी राहायची, आणि लहान पडाव त्या माणसांना किनाऱ्याला आणायचे. पडावातून सगळे एका सुरात 'लब्बैक', म्हणजे 'देवा, मी हजर आहे', म्हणायचे. तो सूर पाण्यावरून यायचा आणि जाळीतून आत शिरायचा. मी काच आणि पितळ, मला कुठलं रडू? तरी आतून ओल धरायची. त्यात एक पडाव रत्नागिरीकडच्या यासीन नावाच्या खलाशाचा. त्याच्या गावचा एक म्हातारा वाज सांगायचा, म्हणजे धर्माची शिकवण, आणि ती गाऊन सांगायचा, आपल्याच बोलीत, साध्या चालीवर. ती यासीनला पाठ झाली होती. वल्ह्याबरोबर तो गायचा आणि भेदरलेल्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे मोकळे व्हायचे. खुंटीवरून मला सगळं दिसायचं. मला बघायला कुणाचा डोळा लागत नाही. साहेब मात्र उशी कानावर ओढून म्हणायचा, "काय हा कोलाहल!" आणि लेखात तो सूर 'किंकाळ्या' होऊन उतरायचा.

एका पहाटे यासीनचा पडाव खडकावर चढला. उजेड नुकताच शहराच्या मागून येत होता, घरांच्या सावल्या पाण्यावर लांबच लांब पडल्या होत्या. पडाव कलला. आरडाओरडा झाला, सगळे एका बाजूला धावू लागले. अजून क्षणभर असंच चाललं असतं तर पडाव उलटला असता. आणि यासीननं उडी मारली. सगळ्यांच्या आधी मारली, हे खरं. खाली खडक होता, गळ्यापर्यंत पाणी होतं. त्यानं कललेल्या बाजूखाली खांदा लावला आणि, ऐका बरं, पाण्यातून गायला लागला. तीच चाल.

*पाय डगमगला तरी मन डगमगू नको,*
*धनी किनाऱ्यास उभा, त्याचा हात सोडू नको.*

माणसं जागच्या जागी बसली. दुसरा पडाव येईपर्यंत तो गात राहिला. सगळे सुखरूप उतरले. त्याचा खांदा सोलून रक्त येत होतं. हे मी पाहिलं. त्या वेळी साहेब घोरत होता.

न्याहारीला दुसऱ्या साहेबानं बातमी आणली, "पडाव खडकावर चढला म्हणे. रत्नागिरीकडच्या त्या यासीन खलाशानं आधी उडी मारली म्हणे." बस्स, एवढ्यावर पेलिंगनं कागद ओढला. पुढं जहाजानं ते वर्तमानपत्र आलं तेव्हा त्यानं ते मित्रांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि स्वतःच मान डोलावली. मित्रांनी 'वाहवा' केली. त्या शब्दांकडं मी तुम्हाला परत आणणार आहे.

मग एक दिवस त्याची बदली झाली. माणूस छत्री विसरतो तसा तो मला विसरला. घरमालकाच्या पोरांनी माझ्यातून कबुतरं पाहिली. तेवढेच माझे सुखाचे दिवस, कारण पोरं जे दिसलं तेच सांगत होती. पुढं मी एका पेटाऱ्यात गेले. वर जुनी पांघरुणं आली. खाऱ्या हवेनं स्क्रू गंजले, काचेवर बुरशी चढली. कितीतरी वर्षं मला फक्त अंधार दिसला. तो अंधारही मी जसाच्या तसा पाहिला, त्यात काही भर घातली नाही.

अलीकडं हे घर दुरुस्त झालं, मला बाहेर काढलं, पुसलं आणि पेटीत बसवलं. प्रदर्शनाच्या प्रमुख रीमबाई, इथल्याच, हुशार आणि नेटक्या. त्यांनी कुठूनतरी पेलिंगचा तो लेख मिळवला आणि माझ्या शेजारी मोठ्या अक्षरांत लावला. वर मथळा, 'एका साक्षीदाराचे डोळे'. म्हणजे मी! त्या थापाड्याचे डोळे म्हणजे मी! अपमान म्हणतात तो याला.

उद्घाटनाआधी शाळांना बोलावलं होतं. त्यात भारतीय शाळेतली अफशाँ नावाची मुलगी होती. फलक वाचताना तिचं बोट एका नावावर थांबलं. दोन दिवसांनी, दुपारची नमाज आटोपून, ती आईबाबांना आणि आजोबांना घेऊन परत आली. बाबा अरीब जेद्द्यात बँकेत संगणकाचं काम बघणारा, आई हफीजा, आणि आजोबा जमालुद्दीन, दापोलीकडच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, उमऱ्याच्या यात्रेसाठी आलेले. आल्या आल्या त्यांनी रीमबाईंना गाठलं.

"अब्बा, जरा हळू," अरीब म्हणाला. "त्या इथल्या प्रमुख आहेत."

"मग प्रमुखच पाहिजे मला. शिपायाशी काय भांडू?"

जमालुद्दीन बोलत गेले, अरीब इंग्रजीत सांगत गेला. यासीन हे जमालुद्दीनचे आजोबा. या लेखात त्यांचं नाव छापून आलं, मुंबईच्या कुठल्याशा पत्रानं तो उचलला, आणि त्यांचं पडावावरचं काम सुटलं. गावात घराण्याला नाव पडलं, 'उडीवाले'. हाजींना टाकून उडी मारणाऱ्याची अवलाद. लग्नकार्यात टोमणे. जमालुद्दीन मुख्याध्यापक झाले तरी फळ्यावर उडी मारणाऱ्या बेडकाचं चित्र असायचंच.

"आणि आता ही," ते म्हणाले. "सांग गो बाय, वर्गात काय म्हणतात ते."

"सगळे मुझे जंपर बुलाते हैं," अफशाँ खाली बघत म्हणाली. आजोबांना ती दादा म्हणायची. "फलकावर आपल्या गावाचं नाव आहे ना, दादा. आणि यासीनच्या गोष्टी मीच सगळ्यांना सांगितल्या होत्या."

"तो फलक काढा," जमालुद्दीन म्हणाले. "वर्षभर शाळा येणार. माझी पिढी गेली त्यात. हिची जाऊ देणार नाही."

रीमबाई वाईट नव्हत्या. "हाजी, मला कळतं तुमचं दुःख," त्या म्हणाल्या. इथं वडीलधाऱ्यांना मानानं हाजीच म्हणतात. "पण हा माणूस तिथं होता. त्यानं पाहून लिहिलं आहे. तुमच्याकडं काय आहे?"

काय असणार? घरात सांगत आलेली गोष्ट. मी पेटीत तडफडत होते. मी पाहिलंय, मी, मला विचारा! पण दुर्बिणीला कोण विचारतं?

अफशाँच्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबांनी तिला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर थोपटत हळूच गुणगुणायला लागले.

*पाय डगमगला तरी मन डगमगू नको...*

मित्रांनो, माझ्या गंजलेल्या स्क्रूंसकट मी थरारले. तीच चाल! पाण्यातून आलेली.

"हे काय आहे?" रीमबाईंनी विचारलं.

"आमच्या घरची वाज," हफीजा म्हणाली. "पोरं घाबरली की म्हणतो आम्ही. इंजेक्शनला, पोहायला शिकताना. हिची पाळण्यातली अंगाई पण हीच. कुठून आली, अल्लाला माहीत."

मला माहीत होतं.

आजोबांनी डोळे पुसले, आणि त्यांच्यातला मुख्याध्यापक जागा झाला. "अफशाँ, वाच तो लेख. पहिल्या ओळीपासून. बघू तरी किती गुण द्यायचे."

ती इंग्रजीतून वाचत आणि आपल्या बोलीत सांगत गेली. "लिहिलंय, 'मी खिडकीत उभा होतो. सोन्याच्या ताटासारखा सूर्य समुद्रातून वर येत होता. त्याच्या प्रकाशात मला त्या खलाशाचा भ्याड चेहरा स्पष्ट...'"

"थांब. काय वर येत होतं?"

"सूर्य, दादा."

"कुठून?"

"समुद्रातून."

"कुठल्या समुद्रातून?"

अफशाँचं तोंड उघडंच राहिलं. अरीब हसायला लागला. रीमबाई गोंधळल्या. जमालुद्दीन तरातरा खिडकीशी गेले आणि त्यांनी जाळीचं दार ढकललं. आता सूर्य कलला होता. इमारतींच्या फटीतून समुद्राची पट्टी चमकत होती, आणि सूर्य तिच्याकडं उतरत होता.

"आमच्या दापोलीत तो समुद्रात बुडतो," ते म्हणाले. "तुमच्या जेद्द्यातही बुडतो. उगवतो मागून, डोंगराकडून. या पठ्ठ्यानं समुद्रातून उगवणारा सूर्य कुठं पाहिला?"

कुठं म्हणजे? पेलिंगचं गाव इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याला. लहानपणी पाहिलेला सूर्य त्यानं झोपेतून उठून इथं आणून चिकटवला!

"साहेब झोपला होता, दुसरं काय," हफीजा म्हणाली.

रीमबाई खिडकीशी आल्या आणि त्यांनी उतरत्या सूर्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "मी रोज संध्याकाळी कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, चहा पिते. सूर्य बुडताना त्याचे फोटो काढते. आणि हे वाक्य मी स्वतः छापून घेतलं." त्यांना लाज वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही, म्हणून त्या मला आवडल्या. लंडनच्या संपादकांना मात्र कधी वाटल्याचं ऐकलं नाही.

"यानं पाहिलं नाही हे कळलं," त्या पुढं म्हणाल्या. "खरं काय घडलं, ते मात्र मी छापून सांगू शकत नाही. तुमची गोष्ट तुमच्या आवाजात ठेवू का?"

"ठेवा," जमालुद्दीन म्हणाले. "भर घालणार नाही मी. घरी ऐकलं तेवढंच सांगेन."

माझा म्हातारा कारागीर आठवला मला.

आता माझ्या शेजारी नवा फलक आहे, 'न पाहता लिहिलेली बातमी'. पेलिंगचा लेख खाली बारीक अक्षरांत आहे. बाजूला एक बटण आहे. ते दाबलं की जमालुद्दीन आधी गोष्ट सांगतात, मग गातात. शाळेची पोरं दिवसभर ते दाबतात. अफशाँच्या वर्गातली पोरं आली तेव्हा त्यांनी तीनतीनदा दाबलं, आणि शेवटी तिच्याबरोबर तीही गायला लागली. यासीनचा सूर या खोलीत परत आला. कानावर उशी ओढायला आता इथं कुणी साहेब नाही.

माझ्या काचा मऊ फडक्यानं पुसा, मित्रांनो, जुन्या वस्तूंना कोरड्या जागी ठेवा, हे तर सांगतेच. पण एक मागणं त्याहून मोठं आहे. तुमच्या हातात फोन असतो, त्यात कुणाच्यातरी नावानं काहीतरी येतं, आणि बोट पुढं पाठवायला शिवशिवतं. त्या क्षणी पेलिंगला आठवा. आणि त्याच्यासारखं लोळत राहू नका. उठा. खिडकी चारच पावलांवर आहे.