पाहुणीला सांगायचं कोणी

“तिला आत्ताच सांगितलं, तर संध्याकाळी ती बोलणार कशी?” असं म्हणून अध्यक्षांनी आणखी एक बिस्किट चहात बुडवलं.

खजिनदारांच्या घरी बाहेरच्या खोलीत समिती बसली होती. दार लोटून घेतलं होतं. पलीकडे स्वयंपाकघरात पाहुणी बटाटे सोलत होती. तिला इथल्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी सगळे कुजबुजत होते.

समिती स्थापन झाली होती ती सातासमुद्रापलीकडच्या एका सरकारला पाठिंबा द्यायला. त्या सरकारनं जमिनी वाटल्या, खाणी ताब्यात घेतल्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांना अक्षरं शिकवली. समितीनं या सगळ्यावर वर्षानुवर्षं ठराव केले. ठराव तिकडे पोचतात का, असं विचारणाऱ्याला समितीत बेशिस्त समजत. आणि या वर्षी चक्क तिकडून माणूस आलं. ही पाहुणी, प्रौढांची शिक्षिका, गावोगावच्या सभांमधून बोलायला. ती आली आणि आठवडाभरात तिच्या देशात रणगाडे रस्त्यावर उतरले. तिचा नवरा तिथल्या रेडिओ केंद्रात होता. केंद्र बंद पडलं. तेव्हापासून ती घरातल्या रेडिओला कान लावून जगभरची खरखर ऐकत बसायची.

आज सकाळी समितीतल्या दातांच्या डॉक्टरांना तिकडच्या एका जुन्या मित्राचा फोन आला. केंद्रात सापडलेल्या सगळ्यांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या होत्या. तिच्या नवऱ्यालाही.

“आधी समर्थन सभा,” सचिव म्हणाले. “भाषण उरकलं की तिथंच शोकसभा. हॉल तोच, माणसं तीच. तिच्या नवऱ्याचा मोठा फोटो करून घेतलाय. पडद्यामागे ठेवतो.”

“पण ते सरकार पडलं ना?” खजिनदारांनी विचारलं.

“समितीनं अजून तसं म्हटलेलं नाही.”

खजिनदारांची बायको रिकामे कप उचलत होती. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढल्यामुळे निवृत्तीनंतरही ती सगळ्यांची ऑपरेटरबाईच राहिली होती. नवराही चिडला की तेच म्हणायचा. मुलगा परगावी गेल्यामुळे घरात एक खोली रिकामी होती, म्हणून समितीचे पाहुणे तिच्या गळ्यात पडत.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “तिची भाषा तुम्हालाच येते. आत जाऊन सांगा. मी बसते शेजारी.”

डॉक्टर स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिले. “वहिनी, तिकडे मी दातांचं शिकायला गेलो होतो. ‘आ करा’, ‘चूळ भरा’, ‘थोडं दुखेल’, एवढ्यावर माझं चालायचं. हे असलं काही—”

“मग थोडं दुखेल म्हणा आणि करा सुरुवात.”

“वहिनी, हा राजकीय निर्णय आहे,” अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले. “बहुमतानं झालाय.”

“तिचा नवरा गेलाय. त्याला बहुमत कशाला लागतं? भरल्या हॉलात, परक्या माणसांसमोर कळू द्यायचं तिला?”

“अगं ऑपरेटरबाई,” खजिनदार म्हणाले, “तू चहाचं बघ.”

तिनं चहाचं बघितलं. एक्स्चेंजमध्येही हेच शिकवलं होतं. लाइन जोडायची आणि आपला कान काढून घ्यायचा. कान काही लगेच निघत नसे. कोणाचं कोण गेलं, हे घरच्यांच्याही आधी तिला कळायचं. पण सांगायचं काम नेहमी दुसऱ्याचं. तिनं फक्त ‘बोला’ म्हणायचं.

समिती गेली. दुपारी पाहुणी संध्याकाळचा ब्लाउज इस्त्री करत होती. टेबलावर नवऱ्याची तसबीर होती. कान जरा मोठेच होते त्याचे. कोणीतरी विनोद केल्यावर काढल्यासारखा फोटो होता. ऑपरेटरबाई आत आली आणि तिनं तसबीर पालथी घातली.

पाहुणीला वाटलं, इस्त्रीला जागा करून देतायत. तिनं तसबीर उचलून खिडकीत उभी केली. ऑपरेटरबाई खिडकीशी गेली, परत पालथी घातली. पाहुणी हसली. खोडकर सासूला दटावावं तसं तिनं बोट नाचवलं आणि तसबीर सरळ केली.

ऑपरेटरबाईनं तिसऱ्यांदा ती पालथी घातली आणि या वेळी वर तळहात दाबून धरला.

पाहुणी त्या हाताकडे बघत राहिली. मग चेहऱ्याकडे. जळका वास आला, तसं ऑपरेटरबाईनं इस्त्रीचं बटण बंद केलं.

पाहुणी ओरडली नाही. भिंतीला टेकून खाली बसली आणि मांडीवर मुठी आपटत राहिली. ऑपरेटरबाई कुरकुरते गुडघे मोडून शेजारी बसली. “बाई माझी, लेकरा,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. उन्हाचा कवडसा पलंगावर चढला, तरी दोघी तिथंच होत्या.

मग पाहुणी उठली. तोंड धुतलं. ब्लाउजची बाही करपली होती. तिनं तो तसाच घातला आणि दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या.

“नको जाऊस गं. मरू दे ती सभा.”

पाहुणी पायात बूट चढवत होती.

हॉल भरला होता. मंचावर फक्त पदाधिकाऱ्यांच्या खुर्च्या आणि पाहुणीसाठी एक घडीची खुर्ची होती. पाहुणी बोलायला उभी राहिली. खाणीतली माणसं काम संपल्यावर वर्गात कशी यायची, एका आजोबांनी पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं आणि पाटी पुसायलाच कसे तयार होईनात, हे तिनं सांगितलं. लोक हसले. डॉक्टर भाषांतर करत होते, पण त्यांचा आवाज दर वाक्याला खाली जात होता. सचिव पडद्याच्या दोरीशी जाऊन उभे राहिले. अध्यक्षांनी खिशातलं शोकप्रस्तावाचं भाषण काढून मांडीवर सारखं केलं.

पाहुणीचं भाषण संपलं. टाळ्या झाल्या. मग ती अध्यक्षांकडे वळून एकच वाक्य बोलली आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसली.



“काय म्हणाल्या?” अध्यक्षांनी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “त्या म्हणतायत... आता तुम्ही सांगा.”

माइक चालू होता. हॉलभर ऐकू गेलं. कोणालाच काही कळलं नाही. आता राष्ट्रगीत असेल असं वाटून मागचे लोक उभे राहिले, त्यांना बघून पुढचेही. सचिवांच्या हातून दोरी ओढली गेली. पडदा सरकला आणि काळ्या चौकटीत तो हसरा माणूस दिसला. अध्यक्ष कागदाची पहिली ओळ शोधत राहिले.

ऑपरेटरबाई पहिल्या रांगेतून उठली आणि पायऱ्या चढून मंचावर गेली. “अगं, कुठं चाललीस?” खजिनदार मागून पुटपुटले. वर एकही खुर्ची रिकामी नव्हती. कोणाला उठायचं सुचलं नाही. क्षणभर ती तशीच उभी राहिली.

पाहुणी आपल्या घडीच्या खुर्चीत एका कडेला सरकली. खुर्ची एका माणसालाही पुरेल न पुरेल एवढीच. ऑपरेटरबाई अर्ध्या भागावर बसली, आणि दोघींनी पडायला होऊ नये म्हणून एकमेकींना धरलं.