मालनच्या दारातली कोरडी भेट

यात्रेच्या बसचे ब्रेक कनेरगाव नाक्याजवळ धरेनासे झाले. मिस्त्री म्हणाला, चार वाजतील. पंचेचाळीस यात्रेकरू ढाब्याच्या बाजांवर आडवे झाले. जिवनबाईनं दुपारची जेवणं उरकली, हात पदराला पुसले आणि गोरेगावची जीप धरली.

जिवनबाई त्या बसची स्वयंपाकीण. नवरा सोमेश्वर वाशिमच्या दवाखान्यात वारला, त्याला तीन वर्षं झाली. तेरावं उरकलं आणि चौदाव्या दिवशी घराला कुलूप घालून ती बसमध्ये चढली, ती अजून उतरली नव्हती. लोक देवळात जात, ही डिकीपाशी गॅस पेटवून बसे. भावकीतल्या बायका म्हणाल्या, दगडाची आहे. म्हणोत बापड्या, दगडाला काय पंचेचाळीस माणसांच्या पोळ्या लाटता येतात? पण एवढं खरं की नवऱ्यासाठी ती एकदाही रडली नव्हती. जेवण जायचं, झोप लागायची, आणि आतून सगळं लाकूड.

गोरेगाव तिचं माहेर. घरचं आता कोणी उरलं नव्हतं, पण लहानपणच्या दोन मैत्रिणी गावातच दिल्या होत्या, रुख्मिणी आणि मालन. मालनचा नवरा जळबा दोन वर्षांमागं वारला. फोन आला तेव्हा जिवनबाई रामेश्वरला वरणाला फोडणी देत होती. आमच्याकडं अशा घरी पहिल्यांदा गेलं की गळ्यात पडून रडायचं असतं, मग मधे दोन वर्षं जावोत की दहा. त्याच आशेवर ती निघाली होती. मालनचा हंबरडा कानावर पडला की आपलंही कोंडलेलं सुटेल. तिथंही नाही सुटलं, तर मग कुठंच नाही.

जीप थांबते तिथंच रुख्मिणीचं किराणा दुकान.

"अगं बया, जिवने! मला वाटलं गाडीतच मरून गेली!" रुख्मिणीनं तिला ओढून पोत्यावर बसवलं, कप हातात दिला. तीन वर्षांत जिथं गाडी थांबेल तिथला चहा घ्यायची सवय झालेली. अर्धा कप पोटात गेला आणि मग जिवनबाईचा हात थबकला. दुःखाच्या घराआधी दुसऱ्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नसतं.

"म्या बी मेली विसरले," रुख्मिणी कुजबुजली. "गुपचूप जाय. मी सांगत न्हाई कोणाला."

सांगायची गरजच नव्हती. मालनची सून वैष्णवी साखर घ्यायला दारात उभी होती. तिनं साखर घेतली आणि झपाझप निघाली.

मालन ओसरीवर तुरीची डाळ पाखडत बसली होती. सूप खाली न ठेवताच म्हणाली, "चहा झाला का?"

"झाला." जिवनबाई खोटं बोलणारी नव्हे.

मालननं सूप बाजूला सारलं. रीत ती रीत. जिवनबाई पुढं झाली, गळ्यात पडली आणि मालननं सूर धरला, "जिवने गं, तुझं बी कुंकू गेलं, माझं बी गेलं गं..." जिवनबाई वाट पाहत राहिली. मालनच्या खांद्यावरून तिला डाळीतले खडे दिसत होते. वरणाला तूर कमी पडेल का, हेच मनात आलं.

मालन एकदम थांबली. तिला दूर धरून तोंडाकडं पाहिलं.

"टिपूस न्हाई तुझ्या डोळ्यात."

"येईना."

"माझ्या मालकासाठी येईना का तुझ्या?"

"कोणासाठीच येईना. तीन वर्षं झाले."

"मंग इथं काहून आली?"

"वाटलं, इथं तरी येईल."

मालननं पदरानं स्वतःचे डोळे पुसले. मग म्हणाली, "मी म्हणत होते, बाई देव पाहून राहिली, तिला कशाला आमची याद. बद्रीनाथ पाहिलं म्हणं?"

"डोंगर दिसला. कुकर लावून राहिले होते."

मालनचं तोंड जरासं हललं, पण हसली नाही. "ही भेट म्या धरत न्हाई. रुखमीचा चहा पिऊन आली, रडली न्हाई. अशी असती व्हय भेट? पुन्हा यायचं. सरळ माझ्या दारात."

"कधी येऊ?"

"मला काय इचारती! तुझी गाडी कधी उभी राहती?"

"आखाडात. पंधरा दिवस, आरटीओच्या पासिंगला."

"तवा कुठं राहतीस?"

"गाडीतच."

मालननं तिच्याकडं पाहिलं, मग आत आवाज दिला, "वैष्णवे, आखाडात मधली खोली रिकामी पाहिजे मला. पोते काढ तिथले."

"आन तवा बी रडू न्हाई आलं तर?" जिवनबाईनं विचारलं.

"तर पंधरा दिवस डाळ निवड. माझे डोळे गेलेत, मला खडा दिसत न्हाई."

जिवनबाईच्या आत काही हललं, असं नाही. बाहेर परतीचा जीपवाला हॉर्न वाजवत होता. ती उठली. दुःखाच्या घरून निघताना 'येते' म्हणत नाहीत, मुकाट्यानं निघतात, हे तिला बराबर ठाऊक होतं.

"आखाडात येते," ती म्हणाली.

मालननं तिला टोकलं नाही. सूप पुन्हा मांडीवर घेतलं.