कासवाला जोडलेले हात

पिंप्राळ्याच्या प्रमिलाबाईंनी एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ऐकायच्या नाहीत. साठीला टेकल्या, आणि म्हणे समुद्रातलं जितंजागतं कासव पाहायचं! जन्मभर देवळात शिरताना दगडाच्या कासवाला हात जोडले, आता खऱ्याला जोडायचे. रुपचंदभाऊंनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, "तापीकाठी दाखवतो" म्हणून मिनतवाऱ्या केल्या. काही उपयोग झाला नाही. विमान, मग जहाज, मग होडी असं करत वरात अंदमानातल्या एका राष्ट्रीय उद्यानाच्या बेटावर येऊन ठेपली.

बेटावर ना घर ना दुकान. नुसतं रान, वाळू आणि निळंशार पाणी. काचेच्या तळाच्या होडीतून मासे दिसले, पोवळी दिसली, कासव काही दिसेना. गाईड म्हणाला, "ती पलीकडे पाण्याखालचं गवत खायला येतात. पाण्यात उतरावं लागेल. आणि दोनला होडी परत निघते." दुसऱ्या दिवशी तर घरचं विमान. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

"मले कोठे पोहता येस?" असं प्रमिलाबाईंनी एकदा म्हणून घेतलं आणि सुनेनं बरोबर दिलेली ट्रॅकपँट चढवली. अंगात तरंगतं जाकीट, डोळ्यांवर चष्मा, तोंडात नळी. स्वतःचं हे ध्यान डोळ्यांसमोर येऊन त्यांना इतकं हसू फुटलं की नळी दोनदा सुटली. रुपचंदभाऊ त्यांची पर्स सांभाळत वाळूत बसले. हा गडी पाण्याला एवढा भ्यायचा, की पावसाळ्यात वाटेत ओढा लागला तर एसटीतून उतरून पायी माघारी फिरायचा.

गाईडनं दोरी बांधलेली रिंग बाईंच्या हातात दिली. "ही सोडायची नाही." त्यांनी तोंड पाण्यात घातलं, आणि अगंबाई, खाली तर जत्राच भरलेली! पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे नाकासमोरून मिरवत चाललेले. मग गवतात ते दिसलं. परातीपेक्षा मोठं, म्हाताऱ्या म्हशीसारखं निवांत चरत होतं. मान उचलून त्यानं बाईंकडे पाहिलंसुद्धा. प्रमिलाबाईंचा आनंद पोटात मावेना. जन्माची सवय ती, जाते कुठे? त्यांनी रिंग सोडली, दोन्ही हात जोडले आणि 'देवा' म्हणायला तोंड उघडलं.

झालं. खारट पाणी थेट घशात, बाई उताण्या, जोडलेले हात तेवढे पाण्याबाहेर. गाईडनं जाकिटाला धरून सरळ केलं. खोकत खोकत त्यांनी डोळे उघडले, तर समोरून रुपचंदभाऊ येत होते. बुटांसकट, छातीभर पाण्यात, पर्स डोक्यावर धरलेली, चेहरा पांढराफटक.

"हात जोडलेस तू," ते म्हणाले. "मला वाटलं, निरोप घेतेस."

"कासवाला जोडले हो. पण तुम्ही कसे आलात पाण्यात?"

"मी कुठे आलो? पाय आले."

प्रमिलाबाई खदखदून हसल्या, हसता हसता रडल्या, आणि पुन्हा हसत सुटल्या. भाऊंचा दंड त्यांनी गच्च धरला होता. गाईड बोटानं खाली दाखवत होता, कासव अजून तिथंच आहे, पाहून घ्या म्हणत होता. बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं.