कमानीची वाट

बस थांबली तशी ड्रायव्हरकाकांनी सवयीने किल्ली फिरवायला हात पुढे केला. हाताला पुढच्या सीटची पाठ लागली. आज ते प्रवासी होते.

एकवीस वर्षं त्यांनी या वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानात माणसं आणून सोडली, पण फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. लोक दगड बघायला जात, हे टायर तपासत आणि बसच्या सावलीत डुलकी काढत. घरी गेलं की बायको विचारायची,
"आज कसे दिसत होते दगड?"
मग प्रवाशांच्या गप्पांत ऐकलेलं ते तिखटमीठ लावून सांगायचे. एक दगड म्हणे बसलेल्या उंटासारखा, दुसरा नुसत्या बोटभर टेकूवर उभा. ती भाजी निवडत ऐकायची. "मलाही न्या की एकदा," असं सुरुवातीला म्हणायची. पुढे म्हणेनाशी झाली. चार महिन्यांपूर्वी ती गेली.

फाटकावरच्या रखवालदाराने तिकीट फाडता फाडता वर पाहिलं.
"काका, तुम्ही? आणि आत?"
"म्हटलं, बघून तरी यावं."
रखवालदार चार पावलं सोबत आला.
"काकूंचं कळलं. फार वाईट वाटलं. एकदाच भेटल्या, पण लक्षात राहिल्या."
"कुठे भेटली?"
"इथेच. भावाबरोबर आल्या होत्या ना. झाली असतील दहा-बारा वर्षं. पार आतल्या दगडी कमानीपर्यंत जाऊन आल्या. जाताना म्हणाल्या, ह्यांना सांगू नका, उगीच हिरमुसतील."

काकांनी मान हलवली, जणू ठाऊकच होतं. पुढेही कितीतरी वर्षं ती तोच प्रश्न विचारत राहिली होती, आणि ते सांगत राहिले होते.

"कमान किती लांब आहे?"
"अर्धा तास. वाट चढणीची आहे, सावकाश जा."

बरोबरची मंडळी फोटो काढत कधीच पुढे निघून गेली. दोन्ही बाजूंना तांबडे, वाऱ्याने कोरलेले सुळके उभे होते. काकांनी वर पाहिलं नाही. तिचे गुडघे तेव्हाही दुखायचे. या वाटेवर ती कुठेतरी दम खायला टेकली असणार. बसण्याजोगा, बुटका, सावलीतला दगड शोधत ते चालत राहिले.