चित्रातली जागा

बाजाराच्या कचेरीत भिंतभर मोठं चित्र आहे, आमच्या जुन्या बाजाराचं. त्यात दोरवाला आहे, मडकीवाली आहे, आणि पायऱ्यांपाशी मान खाली घालून टोपली विणणारी मी. चित्रकार आला तेव्हा मी चाळिशीची होते. आता सत्तरी उलटली. सकाळी बोटं उघडत नाहीत.

बाजार नव्या इमारतीत गेला, तेव्हा समितीने ठरवलं की चित्रातली माणसं इथल्या पायऱ्यांवरही तशीच बसवायची. पाहुणे बघायला येतात. तेच काम, तीच बसायची रीत. माणूस उठला की जागा गेली, मागचा गाळाही गेला. माझ्या पाठीमागे सून प्लास्टिकच्या बादल्या विकते. घर त्यावर चालतं.

लेक तीन वर्षं तिच्याकडे राहायला बोलावतेय. मुलगा म्हणतो, "आई, एवढा हंगाम काढ." त्याचा हंगाम काही सरत नाही.

शेवटी मलाच सुचलं. चित्रात माझं तोंड कुठे दिसतंय? सुनेला म्हटलं, "माझा रुमाल डोक्याला बांध आणि मान खाली घालून बस. कोण ओळखतंय?"

"मान खाली घालायची सवय आहेच," ती म्हणाली. "तुमच्या घरात आल्यापासून."

महिनाभर समोर बसवून शिकवलं. पोर हुशार. बूड घट्ट, काठ सरळ. मी पिशवी भरली.

निघायच्या आदल्या दिवशी तिला माझ्या जागी बसवलं. कचेरीतला कारकून तिच्यापुढे थांबला. "चित्रात सुरी डाव्या हातात आहे."

मी डावरी. समोर बसून शिकली, म्हणून तिने आरशात बघावं तसं सगळं उजव्याने उचललं होतं.

"टोपलीला काय फरक पडतो, साहेब?" तिने विचारलं.

"टोपलीला नाही, चित्राला पडतो. उद्या मोठे पाहुणे आहेत."

सकाळी तिने सुरी डाव्या हातात धरली. बांबूची कामटी फाडताना पातं घसरलं आणि अंगठ्यात शिरलं. तिने अंगठा पदरात गुंडाळला. "तुम्ही निघा. गाडी चुकेल."

पदर लाल होत चालला होता. मी तिच्या हातातली सुरी काढून घेतली. ती उठली, मी बसले.

"हां, आता बरोबर," कारकून म्हणाला.

लेकीचा फोन आला. सुनेने तो माझ्या कानाला धरला.

"आई, गाडीत बसलीस का?"

मी तोंड उघडणार, तोच पाहुणे पायऱ्या उतरू लागले. कारकुनाने फोन बंद करायची खूण केली. चित्रात फोन नाही.